इगतपुरीतील परतीचे वादळ : स्वरूप, पूर्वतयारी व लाईट

परतीचे वादळ ही दसऱ्याच्या आगेमागे इगतपुरीत येणारी, बहुधा दुपारच्या चहाची वेळ साधणारी आणि जाताना लाईट बरोबर घेऊन जाणारी नैसर्गिक घटना आहे.

(रंगमंचावर फळा, लाकडी पट्टी आणि एक प्लास्टिकची बादली. निवेदक प्राध्यापकी कोटात. सर्व वाचन अत्यंत गंभीर चेहऱ्याने. स्वतःला हसू आल्यास चष्मा पुसावा.)

इगतपुरी थळ घाटाच्या माथ्यावर, समुद्रसपाटीपासून सुमारे 600 मीटर उंचीवर आहे. येथे वर्षाला सरासरी 3000 मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. त्यामुळे पावसाच्या बाबतीत येथील माणसाला बाहेरचे कोणी काही शिकवू शकत नाही, आणि नेमके तिथेच घोडे पेंड खाते. चार महिने हा पाऊस पश्चिमेकडून, कसाऱ्याच्या अंगाने येतो. म्हणून मे महिन्यात घराच्या पश्चिमेच्या भिंतीला प्लास्टिक ठोकतात, पश्चिमेच्या खिडकीला फळी मारतात, पश्चिमेच्या पत्र्यावर दगड ठेवतात. पूर्वेची भिंत या काळात घरात असून नसल्यासारखी असते. तिच्यावर कॅलेंडर टांगतात.

ऑक्टोबरात वारा फिरतो. (पट्टी फळ्याच्या डावीकडून उजवीकडे.) उन्हाने जमीन तापते, भातखाचरांतली ओल वर चढते, दुपारनंतर डोंगरावर क्युम्युलोनिंबस जातीचे काळे ढग उभे राहतात. ढगातून निघालेल्या सरीतले काही पाणी वाटेतच वाफ होऊन उडते. त्याने हवा थंड व जड होते, खाली कोसळते आणि जमिनीवर आपटून चहूकडे पसरते. म्हणून आधी धूळ, मग वारा आणि सर्वांत शेवटी पाऊस. हे ढग आता पूर्वेच्या, म्हणजे घोटीच्या बाजूने सरकतात. कॅलेंडर पहिल्या झटक्यात जाते.

येथे दुसरी अडचण अशी की या सुमारास तयारी संपलेली असते. घटस्थापनेच्या साफसफाईत ताडपत्री घडी होऊन माळ्यावर गेलेली असते आणि तिच्यावर पितळेची भांडी चढलेली असतात. पत्र्यावरचे दगड उतरवून तुळशीभोवती मांडलेले असतात. विजेच्या तारांवर आलेल्या फांद्या मे महिन्यात छाटलेल्या असतात हे खरे, पण त्या फांद्यांनीही मधल्या काळात इगतपुरीचाच पाऊस प्यालेला असतो.

समुद्रातली चक्रीवादळे हा याच विषयाचा मोठा भाऊ. फयान 11 नोव्हेंबर 2009 रोजी कोकणच्या किनाऱ्याला लागले. ऑक्टोबर 2019 मधले क्यार तर ऐन दिवाळीत अरबी समुद्रात उठले आणि ओमानच्या दिशेने निघून गेले. त्या दिवसांतला अवकाळी पाऊस मात्र इकडेच राहिला. कापून शेतात पसरलेले भात त्यात भिजले, काही ठिकाणी लोंब्यांना जागीच मोड आले. (चष्मा पुसू नये. हे वाक्य सरळ वाचावे.) म्हणून कापलेले भात शेतात पडलेले असेल तर ते गोळा करून उंचवट्यावर रचणे आणि झाकणे, हे घरातल्या कोणत्याही तयारीच्या आधीचे काम आहे. माळ्यावरची ताडपत्री त्या दिवशी खाली येते. पितळेची भांडी कशी खाली येतात, हे साऱ्या आळीला ऐकू येते.

वाऱ्याचा जोर मोजण्यासाठी फ्रान्सिस ब्यूफर्ट या ब्रिटिश आरमारातल्या आयरिश अधिकाऱ्याने 1805 साली 0 ते 12 अशी श्रेणी बसवली. तीत आठवा अंक ताशी 62 किलोमीटरला सुरू होतो, आणि समुद्रात याच वेगापासून भारतीय हवामान विभाग चक्रीवादळ म्हणू लागतो. ब्यूफर्टसाहेबांनी जहाजाच्या शिडांवर भर दिला, कारण त्यांच्या घरावर पत्रे नव्हते. इगतपुरीत व्यवहारात चालणारी श्रेणी पुढीलप्रमाणे. (फळ्यावर लिहीत.) दोन : दाराचा पडदा हलतो, घरातले म्हणतात, बरे वाटले. चार : दोरीवरची चादर शेजाऱ्यांकडे जाते. सहा : शेजाऱ्यांचा पत्रा वाजतो, घरातले म्हणतात, यांना किती वेळा सांगितले. सात : आपला पत्रा वाजतो. आठ : आपला पत्रा वाजायचा थांबतो. (विराम.) आठच्या पुढे श्रेणी मोजायला कोणी बाहेर राहत नाही.

पूर्वतयारीत पाण्याला पहिला मान आहे. वरची टाकी मोटर भरते, मोटर लाईटवर चालते. म्हणून ज्या गावाने नुकतेच तीन मीटर पाणी अंगावर घेतले, ते गाव ढग दिसताच बादल्या, पिंपे, घागरी आणि शेवटी प्रेशर कुकरही पाण्याने भरून ठेवते. (बादली उचलून दाखवावी. रिकामी असावी.) दुसरा मान दळणाचा. पिठाची गिरणीही विजेवर चालते, त्यामुळे आकाश काळवंडले की नागली आणि तांदळाचे डबे घेऊन गिरणीपुढे रांग लागते. हवामानाचा अंदाज या रांगेत सर्वांत लवकर कळतो. पिवळा, नारिंगी आणि लाल इशारे हवामान विभाग देतो. दळण आत्ता टाकायचे की उद्या, हे रांग ठरवते.

विजा कडाडण्याचा धोका कळावा म्हणून पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने ‘दामिनी’ नावाचे मोबाइल ॲप केले आहे. जवळपास वीज पडण्याची शक्यता ते आधी सांगते. ते पाहून माणसाने पक्क्या घरात जावे, झाडाखाली थांबू नये, प्लगला जोडलेली उपकरणे वापरू नयेत, अशी अपेक्षा आहे. घरात रेंज नसल्याने माणूस ते पाहायला मोकळ्या अंगणात येऊन उभा राहतो.

उजेडाच्या साधनांत इन्व्हर्टर, टॉर्च, मेणबत्ती, कंदील आणि चिमणी यांचा समावेश होतो. इन्व्हर्टरच्या बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर आहे ना, हे वादळाच्या आधी पाहावे. वादळात पाहायला इन्व्हर्टरचाच उजेड लागतो. मेणबत्ती प्रत्येक घरात असते, काडेपेटीही असते, मात्र दोन्ही एका खोलीत असल्याचे उदाहरण विरळा. टॉर्च घरातला मुलगा घेऊन फिरतो, सेल टीव्हीच्या रिमोटमध्ये असतात. कुठली वस्तू कुठल्या डब्यात, हे फक्त आजीला ठाऊक असते. घाट चढणाऱ्या गाडीला कसाऱ्याला मागून बँकर इंजिने लावतात, तशी या घराला अंधारात मागून आजी लागते. जागेवरून न उठता ती सांगते, ‘देवघराच्या खाली, हळदीच्या डब्यामागं, चांगल्या रुमालात.’

(येथे प्रेक्षागृहातले सर्व दिवे मालवावेत. दहा सेकंद काहीही बोलू नये. कोणीतरी ‘आपलीच गेली का सगळ्यांची?’ असे विचारतेच. पुढील परिच्छेद टॉर्चच्या उजेडात वाचावा.)

लाईट गेल्यानंतरची पहिली कृती मेणबत्ती लावणे ही नाही. पहिली कृती खिडकीशी जाऊन समोरच्यांची आहे का ते पाहणे ही आहे. संवाद ठरलेला आहे. ‘अहो वहिनी, तुमची आहे का?’ ‘नाही हो!’ ‘मग बरं.’ सगळ्यांची गेली असेल तर ती नैसर्गिक आपत्ती. एकट्याचीच गेली असेल तर ती बेइज्जती, मग माणूस मीटरच्या पेटीशी तिकडे कुणी बघणार नाही अशा बेताने जातो. स्टेशनावर मात्र उजेड दिसतो, कारण गाड्यांच्या वायरीला वीज वेगळ्या वाटेने येते. त्यावरून गावाची थोडीशी नाराजी असते. गावालगत लाईटची चौकशी न करणारी जागा एकच, विपश्यनेचे धम्मगिरी. 1976 पासून तेथे दहा दिवसांच्या शिबिरात मौन पाळून लोक बसतात, मोबाइल पहिल्याच दिवशी जमा करतात. ‘कधी येणार?’ हा प्रश्न तेथे शंभर माणसांत एकालाही विचारता येत नाही.

(दिवे लावावेत.)

लाईट जाते याची कारणे शोधण्यात गावाला रस असतो. गावाच्या मते ती मुद्दाम घालवतात. प्रत्यक्षात 11 केव्हीच्या तारेला फांदी टेकते किंवा दोन तारा वाऱ्याने एकमेकींना भिडतात, आणि सबस्टेशनमधला ब्रेकर फीडर बंद करतो. दिवसभर तापलेल्या चिनी मातीच्या इन्सुलेटरवर गार सर पडली की तो तडकतो. मग वीज त्या तड्यातून खांबात उतरते. तडा बारीक असतो, खाली उभे राहून दिसत नाही. त्यामुळे लाइनमनला रात्री, पावसात, खांबामागून खांब पाहत चिखलातून जावे लागते. त्याच वेळी गावातली निम्मी माणसे ‘आली का?’ विचारायला त्यालाच फोन करत असतात. तक्रारीसाठी 1912 हा क्रमांक आहे. तुटून पडलेली तार दिसल्यास तिच्या जवळपासही फिरकू नये, गुरे व मुले दूर ठेवावीत आणि त्याच क्रमांकावर कळवावे. तार मेलेली आहे का, हे काठीने तपासणारा एक जाणकार प्रत्येक आळीत असतो. त्याला आधी घरी पाठवावे.

लाईट परत येताना व्होल्टेज वरखाली होते. म्हणून जातानाच फ्रीज, टीव्ही आणि मोटर यांचे प्लग काढावेत, एकच दिवा चालू ठेवावा. लाईट आली की तो पेटतो. पेटताच आळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ‘आलीऽऽ’ अशी आरोळी जाते. पाठोपाठ सर्व घरांत मोटर, मिक्सर, इस्त्री, फ्रीज आणि चार्जर एकदम सुरू होतात. डीपीवर एवढा भार एका दमात पडल्याने फ्यूज उडतो आणि लाईट पुन्हा जाते. यावर उपाय म्हणजे पहिली दहा मिनिटे कोणीही मोटर लावू नये. उपाय रामबाण असल्याचे सर्वजण मानतात. अद्याप तो करून पाहिलेला नाही.

(पडदा. मोटरीने चालणारा असल्यास हाताने ओढावा.)