एस कुठल्या पारड्यात?

(आठवडी बाजार. भाजीवाली तराजू पुसतेय. शेजारी पोत्यावर बसून पाचवीतला नातू घोकतोय. पेन्शनर मास्तर पिशवी झटकत येतात.)

नातू : वन टोमॅटो, टू टोमॅटोज. टोमॅटोला ईएस. फोटोला नुसता एस. नाइफचं नाइव्ह्ज, पण रूफचं रूफ्स.

भाजीवाली : टमाट्याला जास्त आन् फोटोला कमी? काय धरबंध हाय का न्हाई तुमच्या विंग्रजीला? आमचं कसं सरळ. कांदा, कांदे.

मास्तर : काकडी?

भाजीवाली : काकड्या.

मास्तर : लिंबू? गाजर? चिंच?

भाजीवाली : लिंबं, गाजरं, चिंचा.

मास्तर : फणस?

भाजीवाली : फणस.

मास्तर : एक फणस, दहा फणस. काहीच लावलं नाही?

भाजीवाली : एवढं धूड त्ये! त्याला वर आनि काय लावायचं?

मास्तर : आणि हे सगळं पाठ कधी केलंत?

भाजीवाली : कांदे कुनी पाठ करतं व्हय?

मास्तर : तिकडच्या भाजीवालीचंही तेच म्हणणं असणार.

नातू : गुरुजी, भूतकाळाला सगळीकडं ईडीच लिहायचं ना? मग वॉशचं वॉश्ट, पीलचं पील्ड आणि रॉटचं रॉटिड कसं?

मास्तर : गळ्याला बोट लाव. 'श' म्हण. गळा थरथरत नाही, म्हणून मागे 'ट'. आता 'ल' म्हण. थरथरला? म्हणून 'ड'. आणि शब्द मुळातच ट-ड वर संपला, तर जीभ अडते. तिला टेकू म्हणून मध्ये 'इ'.

(आजी-नातू गळ्याला बोट लावून 'श्श्श', 'ल्ल्ल' करतात.)

पलीकडचा लसूणवाला : काय मावशे, घसा बसला?

भाजीवाली : विंग्रजी बसवतोय! गुरुजी, कांदा धुतला तर काय म्हनायचं?

मास्तर : वॉश्ट.

भाजीवाली : मिरची धुतली?

मास्तर : वॉश्ट.

भाजीवाली : काकड्या धुतल्या? गाजर धुतलं?

मास्तर : वॉश्ट, वॉश्ट.

भाजीवाली : मग धुतलं काय, ह्ये कळायचं कसं? आमच्यात नुसतं 'धुतल्या' म्हनलं तरी गिऱ्हाईक वळखतं, कांदा न्हवं.

नातू : माझं गाडं तर एसवरच अडतं. नामाला लावला की पुष्कळ, क्रियापदाला लावला की एकटा. मी दोन्हीकडं लावतो, बाई दोन्हीकडं फुली मारतात.

भाजीवाली : एस हायेत किती?

नातू : एकच.

भाजीवाली : मग एकच माप दोन्ही पारड्यांत कसं ठिवशील? ह्या पारड्यात नाव, त्या पारड्यात काम. इकडं ठिवलं की तिकडनं उचल.

नातू : अनियन्स रॉट... अनियन रॉट्स. आजे, बसलं की!

मास्तर : (वरमून) जन्मभर शिकवलं, हा तराजू नाही सुचला. पण 'आय'ला आणि 'यू'ला माप मिळत नाही हं. आणि 'चिल्ड्रेन प्ले' म्हणताना दोन्ही पारडी रिकामी.

भाजीवाली : पोरांवरच अन्याव?

मास्तर : पूर्वी इंग्रजीत काही शब्दांना अनेकवचनाचा 'न' लागायचा. ऑक्सचं ऑक्सन, तसं चिल्ड्रेन. इंग्लंडात छापखाना आणणाऱ्या विल्यम कॅक्स्टननं 1490 साली एक किस्सा लिहिलाय. वारा पडला, म्हणून थेम्स नदीवर व्यापारी अडकले. एकानं एका घरी 'एग्ज' मागितली. बाई म्हणाली, मला फ्रेंच येत नाही. तो भडकला, कारण फ्रेंच त्यालाही येत नव्हतं! मग दुसरा म्हणाला, 'एइरन' हवीत. तेव्हा बाईला उमगलं. दोन्हींचा अर्थ अंडीच. एकाला एस, एकाला न.

भाजीवाली : मग दिली का अंडी?

मास्तर : ते नाही लिहिलं त्यानं.

भाजीवाली : आरं द्येवा! भाषेचं एवढं सांगितलं आन् गिऱ्हाईक उपाशीच! तुमास्नी काय द्यू? लिंबू का लिंबं?

मास्तर : एकच लिंबू. (घेऊन निघतात.)

नातू : गुरुजी एकटेच, म्हणजे माप कामाच्या पारड्यात. आजे, टीचर गोज!

भाजीवाली : गोज काय गोज! पळ मागं. पैसं भूतकाळात दिलं का भविष्यकाळात द्येनार, त्ये इच्यार!