काढून टाकण्याचे पैसे

मराठी माणसाला कोरी जागा बघवत नाही. लग्नपत्रिकेत वर गणपती, खाली कलश, कडेने तोरण, आणि एवढं करूनही दोन बोटं जागा उरलीच तर तिथे 'आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं' म्हणून घरातली सगळी चिल्लीपिल्ली बसवायची. कागदाचे पैसे पूर्ण दिलेत, मग अर्धा मोकळा का सोडायचा? अशा समाजात ज्याचा धंदाच जागा मोकळी सोडण्याचा, त्या फ्रीलान्स ग्राफिक डिझायनरने जगावं कसं, हे मी आमच्याच घरात जवळून पाहिलं.

झालं असं की वहिनीने गोडा मसाला, मेतकूट आणि थालीपिठाची भाजणी विकायला काढली. गिऱ्हाईक मिळालं, नाव ठरलं, लोगो राहिला. ते नाव इथे देत नाही, नाहीतर संपादक या पानाचं जाहिरातीचं बिल पाठवतील. नावात एक रफार आहे एवढंच लक्षात ठेवा, तो पुढे लागणार आहे.

पुतणीच्या ओळखीची एक डिझायनर मुलगी घरी आली. तिने लॅपटॉप उघडला आणि प्रश्न विचारायला सुरुवात केली. चित्र काढणारी बाई आधी चौकशी करते म्हटल्यावर मोठे काका सावरून बसले. बँकेत उभी हयात गेलेली; चौकशी हा त्यांचा प्रांत.

"तुमचा ग्राहक कोण, काका?"

"ज्याला भूक लागते तो."

"बरं. ताई, तुमचा ब्रँड माणूस असता तर कसा असता?"

"वेळेवर घरी येणारा," वहिनी म्हणाली. दादाने पेपर उलटा धरला.

मग सूचना सुरू झाल्या. काकांना जातं हवं होतं. आत्याला तुळशीवृंदावन. दादाला मागे सह्याद्री, कारण सह्याद्री असला की माल अस्सल वाटतो. वहिनीला नथ घातलेली आजी हवी होती, पण स्वतःच्या सासूसारखी दिसणारी नको. खाली 'स्थापना' म्हणून आजीच्या लग्नाचं साल टाकावं असं काकांनी सुचवलं. मसाला खरा तेव्हापासूनच होतोय, हा त्यांचा मुद्दा. अक्षरं मंगलमध्ये टाइप करा, तो फाँट शुभही आहे आणि फुकटही, हेही त्यांनीच सांगितलं. (संगणकाच्या पडद्यावर मराठी वाचता यावी म्हणून र. कृ. जोशींनी केलेला टंक मसाल्याच्या पुडीवर बसवायचा, म्हणजे पोहण्याच्या पोशाखात मुंजीला जाणं. पण काकांना हे कोण सांगणार?) त्या मुलीने सगळं शांतपणे लिहून घेतलं. ती हे वगळण्यासाठी लिहून घेते आहे, असा संशय आमच्यापैकी कुणालाही आला नाही.

मानधनाचा आकडा ऐकल्यावर काकांनी चष्मा काढला. तेवढ्यात घरगुती गिरणी आली असती, आणि गिरणी निदान दळते, असं ते म्हणाले. मग त्यांनी हुकमाचं पान टाकलं: नायकेची ती बाकदार खूण १९७१ साली अमेरिकेतल्या एका विद्यार्थिनीने ३५ डॉलरमध्ये करून दिली होती! हे त्यांना व्हॉट्सअॅपवर आलं होतं, आणि नवल म्हणजे खरं होतं.

"कॅरोलिन डेव्हिडसन," मुलगी म्हणाली. "१९८३ मध्ये कंपनीने तिला बोलावून हिरा बसवलेली अंगठी आणि शेअर दिले. आपणही तसंच करू या का? आत्ता ३५ डॉलर, पुढे अंगठी."

वहिनीने नकळत हात पदराखाली घेतला.

"नाहीतर पॉल रँडची पद्धत आहे," ती पुढे म्हणाली. "१९८६ मध्ये स्टीव्ह जॉब्जने त्याला 'नेक्स्ट' या नव्या कंपनीचा लोगो करायला सांगितलं. जॉब्जला चारसहा पर्याय हवे होते. रँडने एकच देईन म्हणून सांगितलं. वापरायचा तर वापरा, नाहीतर नका वापरू, पैसे मात्र द्यायचे. एक लाख डॉलर."

काका गप्प झाले. हे व्हॉट्सअॅपवर आलं नव्हतं. पण भांडणात गप्प बसणं त्यांच्या प्रकृतीला मानवत नाही. "परदेशाचं सोडा. आपल्याकडचं बोला."

आपल्याकडचं तिच्याजवळ होतंच. रुपयाचं चिन्ह. २०१० साली मुंबईच्या आयआयटीतल्या उदयकुमार यांचं चिन्ह तीन हजारांवर प्रवेशिकांतून निवडलं गेलं, बक्षीस अडीच लाख. देवनागरी 'र' आणि इंग्रजी आर, त्यातल्या आरची उभी दांडी गायब.

"म्हणजे अडीच लाख दांडी काढून टाकल्याचे?" दादाने विचारलं.

"सरकारी काम आहे ते," काका म्हणाले, आणि निम्मी रक्कम आगाऊ द्यायला कबूल झाले.

काही दिवसांनी पहिला नमुना आला. नुसतं नाव. जातं नाही, आजी नाही, सह्याद्री तर मुळापासून उपटलेला. फक्त नावावरचा रफार जरा लांबवून वर नेलेला, झाकण काढल्यावर वास वर यावा तसा वळत गेलेला. मला तो बघताक्षणी आवडला. पण आपल्या घरात एखादी गोष्ट आवडली तर ती लगेच सांगायची नसते, समोरचा पैसे वाढवतो.

"छान आहे," आत्या म्हणाली, "पण बाकीचं येणार कधी?"

व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर त्यानंतर जे चाललं ते डिझायनर लोकांना रोजचंच असावं. 'थोडा उठाव हवा.' 'काहीतरी कमी वाटतंय.' एका भाच्याने तर स्वतःच फोनवर मागे सूर्योदय घालून पाठवला. दुरुस्त्या दोनदाच मोफत मिळतील असं ठरलेलं होतं, म्हणून काकांनी सगळ्या सूचना गोळा करून, अनुक्रमांक घालून, एकाच दुरुस्तीत बसवल्या. बँकेने एक चांगला माणूस गमावला.

खरी कोंडी रंगावर झाली. 'आपला' रंग हवा, यावर एकमत होतं. केशरी सुचवला तर वहिनी म्हणाली, निवडणुकीचं पत्रक समजून लोक पुडी केरात टाकतील. हिरव्यावर दादाने हरकत घेतली, निळ्यावर भाच्याने. महाराष्ट्रात कुठल्याही पक्षाने न घेतलेला रंग शोधता शोधता शेवटी आम्ही मेतकुटापाशी आलो. तो पिवळा पडद्यावर लखलखीत दिसला, छापल्यावर मात्र आजारी. पडदा उजेडाने रंग करतो आणि छापखाना चार शायांनी, हे त्या मुलीने समजावलं, आणि कागदावर शोभेल असा दुसरा पिवळा काढून दिला. याचे वेगळे पैसे नाहीत ना, हे काकांनी आधी विचारून घेतलं.

करारनामा आला तेव्हा मात्र काका खुलले. इतके दिवस चित्र होतं, आता कागद होता. त्यातून कळलं ते असं: १९५७च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे स्वतंत्रपणे काम करणाऱ्याला पैसे चुकते केले म्हणून लोगोचा हक्क आपोआप आपल्याकडे येत नाही, तो लेखी करून घ्यावा लागतो. त्या लेखात मुदत घातली नाही तर पाच वर्षं धरतात, आणि प्रदेश घातला नाही तर फक्त भारत.

"म्हणजे न्यूजर्सीला जाणारं मेतकूट?" वहिनी दचकली.

काकांनी स्वतःच्या पेनाने 'कायमस्वरूपी' आणि 'संपूर्ण जगात' असे शब्द घातले, आणि उरलेली रक्कम एका शब्दाची घासाघीस न करता देऊन टाकली. मुलगी बघतच राहिली. तिला काय माहीत, या माणसाला रफार नाही कळत, पण कलम कळतं.

पुढे नारायण पेठेतला छापखाना. तिथे पहिला प्रश्न: "कोरलची फाइल आहे का? अक्षरं कर्व्ह करून आणलीत?" वहिनीने व्हॉट्सअॅपवरचं चित्र पुढे पाठवलं होतं. ते फुटत होतं, म्हणून तिथल्या मुलाने मदत म्हणून नाव आपल्याकडच्या फाँटात पुन्हा टाइप केलं. रफार भलत्याच अक्षरावर जाऊन बसला आणि नाव एखाद्या पोटदुखीच्या औषधासारखं वाचता येऊ लागलं. डिझायनर मुलगी स्कूटरवरून आली, काही न बोलता पेन ड्राइव्ह लावला, आणि छपाई सुरू होईपर्यंत मशीनपाशी उभी राहिली. करारात हे काम नव्हतं. काकांनी तिला चहा पाजला, आणि तो खर्चात लिहिला.

पुड्या घरी आल्या. त्या मुलीने मोठ्या कष्टाने मोकळी ठेवलेली जागा तोवर सरकारने भरून टाकली होती: चौदा आकडी परवाना क्रमांक, वजन, किंमत, घटक, कधी बांधलं, कधीपर्यंत खायचं, आणि कोपऱ्यात शाकाहाराचा चौकोन. काकांच्या चेहऱ्यावर प्रथमच समाधान दिसलं. पुडी आता भरल्यासारखी वाटत होती.

आत्याने चष्मा लावून ती उलटसुलट पाहिली. रफारावरून तिचं बोट सरळ पुढे गेलं आणि चौकोनातल्या हिरव्या ठिपक्यावर थांबलं.

"हे मात्र सुरेख जमलंय हो पोरीला. सुटसुटीत. किती घेतले याचे?"

"ते फुकट आहे," काका म्हणाले. "म्हणूनच चांगलं झालंय."