बाळंतविड्यासोबत येणारे सल्लागार

मराठी घरात पहिले मूल जन्मले की बाळ बघायला येणारी मंडळी रिकाम्या हातांनी येत नाहीत. झबले-टोपडे, दुपटे, डिंकाचे किंवा अळिवाचे लाडू असा बाळंतविडा, म्हणजे बाळाला व बाळंतिणीला द्यावयाचा आहेर, त्यांच्यासोबत असतो, आणि त्या आहेराखाली, कोणी न मागितलेला, सल्लाही असतो. आहेराची परतफेड देणाऱ्याच्या घरच्या बारशाला करता येते. सल्ल्याची परतफेड मात्र ज्याने दिला त्याला कधीच होत नाही. ती वीस-पंचवीस वर्षांनी एखाद्या बेसावध जोडप्याला, तीही व्याजासह, होते, आणि या थकलेल्या हिशेबातच प्रस्तुत व्यक्तिविशेषाची उत्पत्ती आहे.

या वर्गाच्या सर्वांत अनुभवी प्रतिनिधीला सोयीसाठी काकू म्हणता येईल. प्रत्यक्ष नात्याने ती मावशी, आत्या, चुलतसासू किंवा समोरच्या ब्लॉकमधील शेजारीणही असू शकते. काकूंची पहिली नजर बाळाच्या नाकावर पडते, दुसरी बाळंतिणीच्या कानांवर, कारण त्यांत कापूस असलाच पाहिजे, आणि तिसरी छताच्या पंख्यावर. हा पंखा त्या स्वतः उठून बंद करतात. नवजात बाळाला ऊब लागते हे खरेच आहे. परंतु जानेवारीतील महाबळेश्वर आणि मे महिन्यातील नागपूर यांत या सिद्धान्ताच्या दृष्टीने काही फरक नसल्यामुळे बाळ कुंची, झबले आणि दोन दुपट्यांच्या आत घामाघूम होऊन रडू लागते, आणि मग काकू निदानाकडे वळतात.

निदाने मुख्यतः तीन असतात. पहिले पोटदुखीचे, ज्यावर उपाय घुटी. घुटी म्हणजे हिरडा, बेहडा, वेखंड, जायफळ, मुरडशेंग, सुंठ अशी द्रव्ये सहाणेवर मोजके वेढे देऊन दुधात उगाळण्याचा प्रकार. सहा महिन्यांपर्यंत बाळाला आईच्या दुधाखेरीज काहीही, अगदी पाणीसुद्धा, देऊ नये, औषध आणि लसीचे थेंब द्यायचे तेही डॉक्टरांच्या सांगण्यावरून, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. परंतु घुटी हा आहार नव्हे आणि औषधही नव्हे, ती घुटी आहे, असे काकूंचे प्रतिपादन असून त्यातून तर्कशास्त्राला सुटका सापडलेली नाही. मधाचे बोट चाटवण्याविषयीही हेच. मधात क्वचित असणाऱ्या जिवाणूंच्या बीजाणूंमुळे एक वर्षाखालील बाळाला बोटुलिझम हा स्नायू लुळे पाडणारा आजार होऊ शकतो, म्हणून वर्षभर मध वर्ज्य मानतात, हे त्यांना सांगितल्यास त्या खोलीतील सर्व प्रौढांकडे बोट दाखवून ही सगळी मंडळी मध चाटूनच मोठी झाली, असा पुरावा सादर करतात. जे मोठे झाले नाहीत त्यांना अर्थातच साक्षीला बोलावता येत नाही.

दुसरे निदान दृष्टीचे. मीठ-मोहरी उतरवून टाकण्याने कोणाचे नुकसान होत नाही, कानामागची तीटही निरुपद्रवी. डोळ्यांत काजळ मात्र घालू नये, आणि बाळ दूध ओढेनासे झाले, मलूल पडले, अंग तापले किंवा गार पडले, श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डे पडू लागले, तर मोहरी शोधण्यात घालवलेला प्रत्येक तास महागात पडतो. येथे विनोद संपतो आणि रिक्षा बोलवावी लागते.

तिसरे निदान वरवर सर्वांत साधे आणि परिणामाने सर्वांत घातक आहे: “अगं, रडतोय म्हणजे दूध पुरत नाहीये तुझं.” जितके ओढले जाईल तितके दूध तयार होते, हा स्तन्यनिर्मितीचा मूळ नियम आहे, त्यामुळे वरचे दूध सुरू केले की बाळ आईकडे कमी ओढते, कमी ओढल्याने दूध खरोखरच कमी होते, आणि पंधरा दिवसांनी पुन्हा आलेल्या काकू “मी म्हटलं नव्हतं?” असे विचारण्यास मोकळ्या होतात. आपले भाकीत स्वतःच खरे करून दाखवणारी अशी विद्या फलज्योतिषातही दुर्मीळ आहे. वास्तविक बाळाने पहिल्या आठवड्यानंतर दिवसातून सहा किंवा अधिक वेळा लंगोट ओले केले आणि जन्मानंतर किंचित घटलेले वजन साधारण दोन आठवड्यांत भरून आले, तर दूध पुरते आहे असे समजावे. परंतु ओले लंगोट मोजणे हे काम धुणाऱ्याचे, आणि काकू धुण्याच्या वेळी सहसा निघालेल्या असतात.

याच क्रमाने टाळू भरणे येते, म्हणजे डोक्याच्या कवटीतील मऊ भागावर तेल थापणे. पुढची टाळू बहुतेक बाळांत नऊ ते अठरा महिन्यांच्या दरम्यान हाडे वाढून आपोआप मिटते, आणि श्रेय तेलाला, पर्यायाने काकूंना, मिळते.

मात्र न्यायासाठी एक गोष्ट नोंदवली पाहिजे, ती ही की शास्त्रानेही काकूंसमोर फार ताठ मानेने उभे राहावे अशी स्थिती नाही. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पाश्चात्त्य तज्ज्ञ बाळाला घड्याळ लावून दर तीन-चार तासांनी पाजा, मध्ये रडले तर रडू द्या, असे बजावत होते, तेव्हा काकूंच्या आजी बाळ रडले की पदराखाली घेत होत्या. आज डॉक्टर मागणीनुसार पाजा असेच सांगतात. बेंजामिन स्पॉक या विख्यात अमेरिकन बालरोगतज्ज्ञाच्या 1946 साली प्रथम निघालेल्या पुस्तकाच्या पुढील आवृत्त्यांनी बाळांना पालथे झोपवण्याचा सल्ला दिला, आणि बाळाला पाठीवरच झोपवा ही मोहीम अमेरिकेत 1994 साली हाती घ्यावी लागली. गंमत अशी की ज्या ग्राइप वॉटरला काकू आपल्या घराण्याची परंपरा समजतात ते 1851 साली इंग्लंडमधील नॉटिंगहॅम येथे जन्मले, आणि त्याच्या मूळ कृतीत मद्यार्क होता. बाळ शांत का झोपत असे, हे यावरून उमगते.

काकूंच्या तुलनेत काका हा उपप्रकार मर्यादित आहे. रुग्णालयाचे बिल, विमा आणि नावाचे आद्याक्षर हे त्याचे विषय; जन्माची नोंद 21 दिवसांच्या आत करावी हा त्याचा सल्ला अचूक असतो, फक्त तो पेढा खाता खाता दिला जात असल्याने बापाच्या लक्षात राहत नाही. आठ महिन्यांच्या बाळाचे नवे आईबाप हा तिसरा प्रकार अधिक उपद्रवी आहे, कारण त्यांचे ज्ञान ताजे असते, फोनमध्ये असते आणि रात्री दोन वाजता येते. त्यांतही ज्यांचे बाळ रात्रभर झोपते त्यांनी ते बोलून दाखवू नये, एवढी अपेक्षा सुसंस्कृत समाजात असावयास हरकत नाही. चौथा प्रकार स्थलांतरित: न्यू जर्सी किंवा बे एरियात लेकीच्या बाळंतपणाला सहा महिन्यांसाठी गेलेली आजी, जिच्या बॅगेत डिंक, बाळंतशेपा आणि सहाण असते, आणि जिच्या शेगडीच्या धुरीने इमारतीची धोक्याची घंटा वाजते. धूर बाळाच्या फुप्फुसांना वाईट असतो, ही गोष्ट तिला डॉक्टरांऐवजी अग्निशमन दलाकडून कळते.

सल्लागारांचा आणखी एक प्रकार महाराष्ट्रात आहे, जो या सर्वांहून वेगळा पडतो. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्याच बायकांना नवजात बालकांची घरी जाऊन काळजी घेण्याचे शिक्षण दिले, आणि तेथील नवजात बालकांचे मृत्यू निम्म्याहून खाली आल्याचा अहवाल 1999 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. पुढे देशभरातील आशा सेविकांच्या गृहभेटींमागे हा अनुभव उभा राहिला. रुग्णालयात प्रसूती झालेल्या बाळाकडे आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जाते, वजन करते, ताप पाहते, श्वास मोजते आणि उठते. बाळाचे नाक कोणावर गेले याविषयी तिच्या नोंदपत्रकात रकाना नाही.

काकूंच्या भेटींची संख्या कोणत्याही शासन निर्णयाने ठरवलेली नाही. तथापि ज्या काकू आल्या आल्या हात धुतात, बाळ मांडीवर घेतात आणि बाळंतिणीला “जा, तासभर पड जरा” एवढेच म्हणतात, त्यांचे घुटीवरील व्याख्यान पूर्ण ऐकून घ्यावे, घुटी देऊ नये, आणि त्यांना पुढच्या आठवड्यात आवर्जून पुन्हा बोलवावे.