मुद्देमाल, तेवीस लिटर

सायडरच्या किटच्या खोक्यावर लालबुंद सफरचंदांनी लगडलेलं झाड असतं. आत सफरचंद औषधालाही नसतं. असतो तो आटवलेल्या रसाचा काकवीसारखा पाक, यीस्टची पुडी, यीस्टच्या खाद्याची पुडी आणि एक घडीपत्रक. पत्रकाचा निम्मा मजकूर भांडी धुण्याबद्दल. बादली, झाकण, नळी, चमचा सगळं घासायचं, जंतुनाशकात बुडवायचं, परत विसळायचं. दारूपायी माणसाची भांडी विकली गेलेली मी ऐकली होती, दारूपायी भांडी घासणारा माणूस आमच्या हिने पहिल्यांदाच पाहिला.

आम्ही ब्रिस्टलला राहतो. शेजारचा सॉमरसेट म्हणजे सायडरचं माहेर. किंग्स्टन ब्लॅक हे तिथलं नावाजलेलं सफरचंद, सायडरला उत्तम आणि नुसतं चावलं तर तोंड वाकडं करणारं. तिथल्या जुन्या मंडळींसमोर किटचं नाव काढलं, की ती तसंच तोंड करतात. तो अपमान मी गिळला असता, पण बादली भरली त्याच आठवड्यात सासरे आले.

सासरे उत्पादन शुल्क खात्यातून, म्हणजे लोकांच्या भाषेत दारूबंदीतून, निवृत्त झालेले. उभी नोकरी सातारा जिल्ह्यात ओढ्याकाठच्या हातभट्ट्या फोडण्यात गेली. जिन्याखालच्या कपाटात बादली दिसताच ते चपळाईने उकिडवे बसले. झाकणावरच्या एअरलॉकमधून ‘गुडुक’ असा बुडबुडा निघाला.

“रसायन किती?”

“तेवीस लिटर.”

“नवसागर?”

“छे हो मामा, इथे तसलं काही घालत नाहीत.”

त्यांनी खाद्याची पुडी उचलून चष्म्याजवळ धरली. डायअमोनियम फॉस्फेट. “नवसागर म्हणजे अमोनियम क्लोराइड,” ते प्रसन्नपणे म्हणाले. “हा त्याचा चुलतभाऊ. गाळणार कधी?”

गाळायचं नाही, परवान्याशिवाय गाळलं तर इथेही गुन्हाच, फक्त आंबवून प्यायची मुभा आहे, असं मी सांगितलं. त्यासाठी परवाना? लागत नाही. घरच्या बिअरला पूर्वी लागायचा, तोही १९६३ साली काढून टाकला. सायडर विकायची म्हटली, तरी छोट्या उत्पादकाला वर्षाला ७,००० लिटरपर्यंत कर माफ.

“सात हजार लिटर,” मामा म्हणाले आणि पायरीवर बसले. “आमच्याकडे प्यायलासुद्धा परवाना लागतो, जावईबापू. १९४९चा कायदा आहे.” मग बराच वेळ काही बोलले नाहीत. सॉमरसेटमध्ये शेतमजुरांना मजुरीचा काही भाग सायडरमध्येच मिळायचा आणि १८८७ साली कायद्याने ते बंद केलं, हे सांगून मी त्यांना सावरायचा प्रयत्न केला. “बंद केलं ना? मग ठीक,” म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून बादलीचा ताबा त्यांच्याकडे गेला. तापमान अठरा ते चोवीस अंशांत राहावं म्हणून दोन्ही वेळा नोंद. मध्ये घरभर सडक्या अंड्यांचा वास सुटला. यीस्ट कष्टात असलं की असा गंधकाचा वास सोडतं. हिला वाटलं, गटार तुंबलं. मामांनी दीर्घ श्वास घेतला. “काम चालू आहे,” म्हणाले, आणि निवृत्तीनंतर पहिल्यांदाच त्यांच्या चेहऱ्यावर ऑफिसला निघाल्याचा भाव दिसला.

हायड्रोमीटर तर त्यांनी माझ्या हातातून काढूनच घेतला. “असं वरून काय बघता? डोळा पातळीला आणा.” सुरुवातीला घनता १.०४५ होती, आता १.०००. साखर संपली होती, मद्यार्क सुमारे सहा टक्के. हे गणित त्यांनी वर्तमानपत्राच्या कडेला मांडलं आणि खाली सही केली.

बाटल्या भरायच्या दिवशी माझ्याकडे धुणं होतं आणि मामांकडे बाकी सगळं. फेस यावा म्हणून दर बाटलीत अर्धा चमचा साखर. जास्त झाली तर काच फुटते, म्हणून चमचा त्यांच्याच हातात. चाळीस बाटल्यांवर चाळीस चिठ्ठ्या लागल्या. दिनांक, स्थळ, परिमाण, पंच क्रमांक एक (मुलगी), पंच क्रमांक दोन (जावई).

सायडर तयार झाल्यावर त्यांनी एक बाटली बाजूला काढली. “नमुना. रासायनिक तपासणीसाठी.” उभ्या आयुष्यात थेंब न घेतलेला माणूस, तपासणी कोण करणार, हे विचारायचं धाडस मला झालं नाही.

सकाळी बाटली ओट्यावर रिकामी, विसळून पालथी घातलेली.

“अहवाल काय, मामा?”

“नमुना अपुरा आहे,” ते चहात बिस्किट बुडवत म्हणाले. “आणखी दोन लागतील.”