पैलवानाचं पोट

लीड्स, रविवार

तीर्थरूप आई,
शि. सा. नमस्कार.

फोनवर तू, मावशी आणि मामा एकदम बोलता, त्यामुळे पैलवानाच्या पोटाचं तिकडं कुणालाच धड कळलेलं नाही. म्हणून सविस्तर लिहिते. आप्पांना मोठ्यानं वाचून दाखव.

आधी त्याला ‘मुंगूस’ म्हणायचं बंद करा. तो फेरेट आहे, आणि फेरेटची भावकी मुंगसाशी नाही, पाणमांजराशी आहे. युरोपातला पोलकॅट नावाचा रानटी प्राणी माणसाळवून दोनेक हजार वर्षांपूर्वी हे प्रकरण तयार झालं, सशांच्या बिळात सोडायला. आप्पांना म्हणावं, आपल्या कोल्हापूर संस्थानात काळविटांवर चित्ते सोडायचे ना, त्यातलाच प्रकार, फक्त लवाजमा वजा. यॉर्कशरच्या गड्यांनी तर यांच्यावर पैजा लावल्यात. विजार घोट्याशी बांधायची, आत दोन फेरेट सोडायचे आणि उभं राहायचं! रेज मेलर नावाचे गृहस्थ १९८१ मध्ये असे ५ तास २६ मिनिटं उभे होते. त्यांच्या पत्नीचं मत कुठं वाचायला मिळालं नाही.

तर हिवाळ्यापासून पैलवानाची शी पातळ, हिरवट, कधी दाणेदार. खाणं पूर्वीइतकंच, पण पाठीचा कणा हाताला लागायला लागला. नाव पैलवान आणि अंग अगरबत्तीचं. मधूनच दात खायचा. आम्हाला वाटलं राग आलाय. डॉक्टर म्हणाल्या, मळमळतंय.

तुमचे उपाय सगळे लिहून घेतले होते, म्हणून एकेकाचा निकाल कळवते. तुझा ताकभात बाद, कारण भात आणि दूधदुभतं त्याला सोसत नाही. याचं आतडं आखूड, मोठ्या आतड्याच्या तोंडाशी आपल्याला असते ती पिशवीही नाही, खाल्लेलं तीन-चार तासांत बाहेर. चोथा पचवायला वेळच नाही. मामांचं ‘दोन दिवस लंघन’ तर फारच बाद. इतका वेळ उपाशी राहिला तर त्याची साखर उतरून तो आडवा होईल. त्याला मटण, चिकन, अंडं एवढंच लागतं. आपण बुधवार-शुक्रवार-रविवार पाळतो, याला श्रावणसुद्धा माहीत नाही. इतका अस्सल कोल्हापूरकर, पण रस्सा चालत नाही, तांबडा नाही आणि पांढराही नाही.

पहिल्या डॉक्टर कुत्र्यामांजरांच्या. स्वभावानं फार गोड. शी तपासली, औषध दिलं, आठवडाभर बरा, पुन्हा तेच. शेवटी दुसऱ्या कुणाला तरी दाखवू असं ठरलं आणि माझ्या पोटात गोळा आला. हे त्यांना तोंडावर सांगायचं कसं? आपल्याकडे फाईल साडीच्या दुकानाच्या पिशवीत घालून राजारामपुरीतून शाहूपुरीला नेतात आणि वाटेत पहिल्या डॉक्टरांची बायको भेटली की ‘लग्नाचा बस्ता बांधायला निघालोय’ म्हणतात. इथं चोरून जायची सोयच नाही. दुसरा डॉक्टर आधी पहिल्याकडून सगळे कागद मागवतो. जावई माझ्याकडे बघत होते, मी त्यांच्याकडे. अखेर मीच चाचरत बोलले, तर बाई म्हणाल्या, ‘मीच सुचवणार होते,’ आणि चिठ्ठी लिहायला बसल्या. रॉयल कॉलेज ऑफ व्हेटर्नरी सर्जन्सच्या नियमांतच आहे म्हणे, दुसरं मत घेणाऱ्याला परावृत्त करायचं नाही. नियम चांगला आहे, पण माझी सगळी तयारी वाया गेली याचं थोडं वाईटही वाटलं. लेक तर म्हणाला, ‘मम्मा, तू रडणार होतीस का?’

नवे डॉक्टर ससे, पोपट, कासवं आणि फेरेट यांचेच. त्यांनी पैलवानाला हातात घेतलं तेच मानगुटीला धरून, आणि हा चक्क जांभई देऊन लोंबकळला. रक्तातली साखर बघितली, कारण फेरेटना स्वादुपिंडाच्या गाठी होतात. ती ठीक. सोनोग्राफीत रबराचा तुकडा आहे का शोधला, कारण यांना रबर चावायची खोड. तेही नाही. लेकाची चप्पल निर्दोष सुटली. पोटातला एक हेलिकोबॅक्टर नावाचा जंतू बहुतेक फेरेटमध्ये असतोच, त्यालाच सगळा दोष देता येत नाही, म्हणाले. त्यांचा संशय आतड्याच्या जुनाट सुजेवर. खात्री हवी तर भूल देऊन आतड्याचा तुकडा काढून तपासायचा. तोवर एकाच प्राण्याचं मांस आणि सूज उतरवायचं औषध. पहिल्या बाईंची औषधं चूक नव्हती, हेही त्यांनी आपणहून सांगितलं. तो तुकडा काढायचा की नाही, यावर घरात दोन पक्ष पडलेत. मी थांबायच्या बाजूची. शी आता घट्ट आहे आणि काल त्यानं सोफ्यामागं उड्या मारत एकट्यानंच कुस्ती केली.

माणसाला दवाखान्यात पैसे पडत नाहीत या देशात, पैलवानाला पडतात. आकडा लिहीत नाही, आप्पांना बीपी आहे.

सर्वांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद.

तुझी,
बेबी

ता. क. मावशीची हिंगाष्टक चूर्णाची डबी पोचली. ती जावईच घेतायत. बिल आल्यापासून त्यांचंच पोट बिघडलंय.