पुठ्ठे गुरुजी

लग्नाच्या पंगतीत सगळ्यांचं लक्ष जिलबीवर, तर आमच्या पुठ्ठे गुरुजींचं पाण्याच्या बाटल्यांच्या बुचांवर. पंगत उठली की ते टेबलाखाली वाकतात. नवख्या पाहुण्याला वाटतं, म्हाताऱ्याची कवळी पडली. गावाला माहीत असतं, सोमवारी दुसरीला दशक-एकक आहे.

त्यांचं खरं आडनाव आता फक्त पगारपत्रकात उरलंय. घरी आलेली लग्नपत्रिका कुणी वाचायच्या आत कात्रीखाली जाते. साडूच्या मुलीच्या लग्नाची तारीख अशीच अंककार्डांत गेली, मुहूर्त घड्याळाच्या तक्त्यात. लग्न हुकलं ते हुकलंच. काकूंनी जरा पाठ फिरवली की काड्या ओट्यावर आणि काडेपेट्या शाळेत.

सर्व शिक्षा अभियानात साहित्यासाठी प्रत्येक शिक्षकाला वर्षाला 500 रुपये मिळत. आम्ही बाकीचे तालुक्यातून तयार तक्ते आणायचो, बिल जोडायचो आणि मोकळे व्हायचो. गुरुजींना विकतचा तक्ता म्हणजे हॉटेलातलं वरण. ते कार्डशीट, डिंक आणि लॅमिनेशन यांतच पैसे संपवून वर पदरचे घालत.

शिक्षण परिषदेत ते उठले की केंद्रप्रमुख चहा सांगतात, कारण आता ताराबाई मोडक येणार. बोर्डी-कोसबाडला ताराबाईंनी माँटेसरीची महागडी साधनं बाजूला ठेवून शिंपले, पानं, बिया मुलांच्या हातात दिल्या, हा दाखला गुरुजी दरवेळी देतात. दाखला अगदी खरा. फक्त त्यातलं ‘मुलांच्या हातात’ एवढं ते जरा भरभर म्हणतात. गुरुजींचं साहित्य कपाटात असतं आणि किल्ली त्यांच्या करदोट्याला. पोरांनी तीन हातांवरून बघायचं. एकदा एकाने शब्दपट्टीला थुंकी लावून रंग जातो का ते पाहिलं, तर गुरुजी दोन दिवस जेवले नाहीत म्हणतात.

तरी त्यांच्या वर्गाचं गणित केंद्रात सगळ्यांत चांगलं, आणि त्याचं श्रेय ते कपाटाला देतात. मी शेजारच्या वर्गात असतो, म्हणून मला दिसतं ते वेगळं. मणिमाळ करायची म्हणून आदल्या दिवशी पोरं बुचांचं पोतं उपडं करतात. रंग निवडतात, गुरुजींनी दाभणाने भोकं पाडून दिली की दहा लाल, दहा निळी अशी सुतळीत ओवतात. कुणी अकरावं घुसवलं की मारामारी. घंटा होईस्तोवर शंभराची माळ तयार होते. दुसऱ्या दिवशी गुरुजी ती भिंतीवर टांगून, पट्टीने दाखवत दशक-एकक शिकवतात. पोरं जांभया देतात. त्यांना ते कालच आलेलं असतं.

गुरुजी या जांभयांनी फार खचतात. साहित्यातच काही कसर राहिली, असं त्यांना वाटतं, आणि ते त्याहून मोठी माळ करायला काढतात. सध्या हजाराची चालू आहे. दुसरीचं पुस्तक पार मागे पडलंय.