डावी कूस, उजवी कूस

आत्या अठरा दिवसांनी रुग्णालयातून घरी आली. खुब्याचं ऑपरेशन चांगलं झालं होतं, एक्स-रे बघून डॉक्टर समाधानी होते, आम्हीही होतो. संध्याकाळी तिचा गाऊन बदलताना वहिनीनं मला हाक मारली. माकडहाडावर रुपयाएवढी जखम होती आणि तिचा तळ काळा होता. डिस्चार्ज कार्डावर आत बसवलेल्या सळीचा क्रमांक होता, गोळ्यांची यादी होती, टाके काढायची तारीख होती. पाठीबद्दल एक ओळ नव्हती.

मेडिकलवाल्यानं हवेची रिंग दिली, पावडर दिली, स्पिरिट दिलं. आम्ही तीन दिवस मन लावून चोळत होतो.

चौथ्या दिवशी समोरच्या बिल्डिंगमधल्या सिस्टर आल्या. सरकारी रुग्णालयातून निवृत्त होऊन त्यांना बरीच वर्षं झाली, पण आळीत अजून सगळे त्यांना सिस्टरच म्हणतात. त्यांनी जखम पाहिली आणि म्हणाल्या, “आधी ती रिंग काढा. तिच्या काठाचा दाब पडतो आणि मधल्या भागाला रक्त मिळत नाही. आणि चोळणं बंद. कातडीखालचं मांस नाजूक झालंय, ते आणखी फाटेल.” मग त्यांनी पोटऱ्यांखाली उशी सरकवून टाचा अधांतरी ठेवल्या, पाठीमागे दुसरी उशी लावून आत्याला थोडीशी कलती केली. पूर्ण कुशीवर नाही, कारण मग सगळा भार खुब्याच्या हाडावर येतो. पाच मिनिटांचं काम होतं. अठरा दिवसांत ते कुणी केलं नव्हतं.

परिचारिकेच्या कामाला आपण ‘सेवा’ म्हणतो आणि हात जोडतो. हात जोडले की पुढचा प्रश्न विचारायचा राहून जातो: हिला जे माहीत आहे ते कुणी शोधलं, कसं मोजलं? सिस्टरांनी त्या संध्याकाळी जे केलं ती माया होतीच, पण त्यामागे संशोधन होतं. तेही परिचारिकांनी केलेलं.

लंडनमध्ये डोरीन नॉर्टन नावाची परिचारिका होती. तिनं सहकारी परिचारिका रोडा मॅकलारेन आणि वृद्धांचे डॉक्टर एक्स्टन-स्मिथ यांच्याबरोबर रुग्णालयातल्या वृद्धांच्या शुश्रूषेचा अभ्यास केला. तो १९६२ साली प्रसिद्ध झाला. २५० वृद्ध रुग्णांची कातडी त्यांनी नेमानं तपासली. त्या काळी प्रत्येक वॉर्डाचा पाठीवर लावायचा आपला एक लेप असे आणि प्रत्येक मेट्रनचा त्यावर विश्वास असे. नॉर्टननं दाखवलं की काय चोळलं यापेक्षा दाब किती वेळ राहिला हे महत्त्वाचं. त्याच अभ्यासातून एक साधी मोजपट्टी निघाली. शरीराची स्थिती, मनाची स्थिती, चालणं-फिरणं, अंथरुणातली हालचाल आणि मलमूत्रावरचा ताबा या पाच गोष्टींना प्रत्येकी १ ते ४ गुण द्यायचे. बेरीज १४ किंवा त्याहून कमी आली, तर या माणसाला जखम होण्याचा धोका आहे. त्याला कागद आणि पेन्सिल पुरते, मशीन लागत नाही. साठ वर्षं उलटून गेली. आत्याच्या फाइलमध्ये ती बेरीज कुणी मांडली नव्हती.

ही जखम आतून सुरू होते. हाड आणि गादी यांच्यामध्ये मांस दाबलं जातं, बारीक रक्तवाहिन्या बंद होतात, आणि पुष्कळदा आतलं मांस आधी मरतं, कातडी नंतर फुटते. म्हणून पहिली खूण लालीची. बोटानं दाबल्यावर लाली क्षणभर पांढुरकी होऊन परत आली तर अजून वेळ गेलेली नाही. दाबूनही ती तशीच राहिली, तर जखम सुरू झाली. मात्र ही खूण गोऱ्या कातडीवर बघून लिहिलेली आहे. सावळ्या अंगावर लाली चटकन दिसत नाही. तिथं हात फिरवून बघावं लागतं, जागा भोवतालपेक्षा गरम लागते का, घट्ट किंवा लिबलिबीत लागते का. अलीकडच्या मार्गदर्शक सूचनांत हे आलं आहे. आपल्या देशात तर पहिल्या पानावर हेच हवं होतं. आत्या सावळी आहे. तिच्या पाठीवरची लाली न दिसण्यात काही नवल नव्हतं, हातच न लागणं हा गुन्हा होता.

दर दोन तासांनी कूस बदलायची, हा नियम जगभरच्या नर्सिंग कॉलेजांत पाठ करून घेतात. त्याला प्रश्न विचारला तो परिचारिकांनीच. नॅन्सी बर्गस्ट्रॉम आणि बार्बरा ब्रेडन या अमेरिकी परिचारिकांनी १९८७ मध्ये धोका मोजायची आणखी एक, सहा गोष्टींची मोजपट्टी प्रसिद्ध केली, आज ती सगळीकडे वापरतात. त्याच बर्गस्ट्रॉमबाईंच्या नेतृत्वाखाली अमेरिका आणि कॅनडातल्या २७ निवासी केंद्रांत ९४२ वृद्धांवर तीन आठवड्यांची चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २०१३ मध्ये आले. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे गट पाडले: कुणाला दोन तासांनी वळवायचं, कुणाला तीन, कुणाला चार. सगळे दाट फोमच्या चांगल्या गाद्यांवर, आणि वळवल्याची लेखी नोंद सक्तीची. जखमांच्या प्रमाणात फरक पडला नाही. म्हणजे चांगली गादी आणि खरी देखरेख असेल, तर म्हाताऱ्या माणसाला रात्री सलग चार तास झोपू देता येईल. आयुष्यभर शिकवलेला नियम स्वतःच तपासायला काढणं याला धाडस लागतं.

पण आपल्या कापसाच्या गादीवर, मेणकापडाच्या वर, मे महिन्याच्या घामात, किती तास? हे अमेरिकेत बसून कुणी मोजणार नाही.

आता बांधण्याबद्दल. आत्याच्या मनगटांवर पट्टीचे वळ होते. “रात्री सलाईन ओढायच्या, म्हणून हात बांधले,” असं आम्हाला सांगितलं गेलं, आणि आम्ही मान डोलावली. आपल्याकडे जवळजवळ प्रत्येक घराला हे वाक्य ठाऊक आहे, आणि प्रत्येक घर मान डोलावतं. पेनसिल्वेनिया विद्यापीठातल्या लोइस इव्हान्स आणि नेव्हिल स्ट्रम्फ या परिचारिकांनी मान डोलावली नाही. बांधल्यानं म्हातारी माणसं खरंच सुरक्षित राहतात का, हा प्रश्न धरून त्या वर्षानुवर्षं बसल्या. तीन निवासी केंद्रांत त्यांनी चाचणी घेतली, १९९७ मध्ये ती प्रसिद्ध झाली. (तिकडे अशा केंद्रांना नर्सिंग होम म्हणतात, आपल्यासारखं छोट्या खासगी दवाखान्याला नव्हे.) एका केंद्रात कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण दिलं आणि शिवाय वृद्धांच्या शुश्रूषेतली जाणकार परिचारिका सल्ल्याला दिली. तिथं बांधणं निम्म्याहून कमी झालं. त्यासाठी माणसं वाढवावी लागली नाहीत, झोपेची औषधं वाढली नाहीत, पडून गंभीर इजा होण्याचं प्रमाणही वाढलं नाही. बांधण्याऐवजी काय केलं, तर आधी कारण शोधलं. हा माणूस का उठतोय? लघवीला लागलीय का, दुखतंय का, चष्मा-कानयंत्र काढून घेतल्यानं त्याला आपण कुठं आहोत ते कळेनासं झालंय का?

आत्याचा चष्मा अठरा दिवस आमच्या घरी कपाटात होता. तो आम्हीच सुरक्षित ठेवला होता.

घरी सोडल्यावर काय, हा प्रश्नही एका परिचारिकेनंच लावून धरला. मेरी नेलर यांनी फिलाडेल्फियात ६५ वर्षांवरच्या ३६३ रुग्णांना दोन गटांत विभागलं. एका गटाला रुग्णालयात असल्यापासून भेटणारी आणि घरी गेल्यावरही चार आठवडे येणारी, उच्चशिक्षित परिचारिका मिळाली. २४ आठवड्यांत पुन्हा दाखल व्हावं लागलेल्यांचं प्रमाण त्या गटात २० टक्के होतं, दुसऱ्यात ३७. खर्चही सुमारे निम्मा झाला. हा अभ्यास १९९९ चा आहे. आमच्या घरी रुग्णालयातून फक्त एक फोन आला, अभिप्रायाचे तारे द्या म्हणून.

यात वॉर्डातल्या सिस्टरला दोषी धरणं सोपं आहे, मी धरणार नाही. लिंडा एकन आणि सहकाऱ्यांनी युरोपातल्या नऊ देशांत, शस्त्रक्रिया झालेल्या पन्नाशीपुढच्या चार लाखांहून अधिक रुग्णांच्या नोंदी तपासल्या. एका परिचारिकेवर एक रुग्ण वाढला की महिन्याभरात मृत्यू होण्याची शक्यता ७ टक्क्यांनी वाढते, असं त्यांना २०१४ मध्ये आढळलं. एक रुग्ण! आपल्याकडे रात्रपाळीला एका सिस्टरच्या वाट्याला किती खाटा येतात, हे ज्यानं वॉर्डाबाहेरच्या बाकावर एक रात्र काढली आहे त्याला सांगायला नको. आणि अशी शुश्रूषा लागू शकेल अशी माणसं थोडी नाहीत: २०११ च्या जनगणनेतच या देशात साठीपुढचे दहा कोटींहून जास्त लोक होते.

आणि आपल्या परिचारिका संशोधन करत नाहीत असं नाही. एमएस्सी नर्सिंगला प्रत्येकीला प्रबंध लिहावा लागतो. पण त्यातले कितीतरी एकाच साच्यातून निघतात: प्रश्नावली भरून घ्यायची, माहितीपुस्तिका द्यायची, पुन्हा प्रश्नावली भरून घ्यायची, गुण वाढले असं लिहायचं. पुस्तिका वाचल्यावर त्या वॉर्डातल्या म्हाताऱ्यांच्या पाठी शाबूत राहिल्या का, हे बघायला ना वेळ मिळतो, ना पैसा, ना परवानगी. त्या मुलींना द्या दोन वर्षं, द्या एक वॉर्ड, गाद्या द्या. मेणकापडाचा प्रश्न त्या सोडवतील.

सिस्टरांनी आम्हाला एक शंभर पानी वही आखून दिली. वेळ, कूस, पाठीचा रंग, असे तीन रकाने. रात्रीसाठी ब्युरोतून ताई येते. दहावीपर्यंत शिकलेली, कुठलाही कोर्स न केलेली. ती न चुकता लिहिते: बारा – डावी. दोन – उजवी. चार – डावी. सात आठवड्यांत जखम भरत आली, तळाशी आता लाल, निरोगी मांस दिसतं.

मागच्या मंगळवारी वही चाळताना दिसलं की तिनं पट्टीनं रेघ ओढून चौथा रकाना पाडलाय. कुणी सांगितलं नव्हतं. वर शीर्षक ‘झोप’, आणि खाली ओळीनं सहा रात्री: “दोनला वळवलं. मग पाचपर्यंत जाग्या.” सातव्या रात्रीपुढे तिनं पेन्सिलनं विचारलंय, “सिस्टर, रात्री एकदा कमी चालेल का? पाठ बघूनच.”